जानरावची पाठ

सुजी खाली पडली नाही, एवढंच त्या दिवशी बरं झालं.

चंपत ड्यूटीवरून आला होता. हातपाय धुऊन, लेकीला डाव्या हातावर घेऊन तो दारात उभा होता, आणि नुकती बसायला लागलेली ती चिमणी त्याच्या मिशीचं टोक पकडायचा खेळ खेळत होती. शेवंता सिगडीपाशी भाकरी करत होती. एक डोळा तव्याकडे, एक बापलेकीकडे. तेवढ्यात काही कारण नाही, कुणाचा धक्का नाही, आणि चंपतचा तो हात सुटला. गाठ निसटून दोरीवरचं लुगडं खाली यावं तसा, अगदी मुकाट. शेवंता कशी उठली, कशी पोचली, तिचं तिला कळलं नाही. पिठाच्या हातांनी तिनं लेक वरच्यावर झेलली. सुजीला वाटलं, हा नवीन खेळ. ती खदखदून हसली.

"काय झालं जी?"

"काही नाही. हाताले मुंग्या आल्या."

"कवापासून येऊन राहिल्या?"

"येतात अन् जातात. तू भाकर पाह्य, जळून राहिली."

भाकर खरंच जळत होती. शेवंतानं ती उलटली नाही. ती नवऱ्याच्या हाताकडे बघत राहिली. कारखान्यात लोखंडी तुळया ओढणारा, आखाड्यात भल्याभल्यांना उचलणारा तो हात खांद्याला नुसता टांगल्यासारखा लोंबत होता, आणि चंपत दुसऱ्या हातानं त्याला हळूहळू चोळत होता. निजलेल्या लेकराला आई उठवते ना, तसा.

मग कुठे शेवंताला दुर्गची कुस्ती आठवली. त्या दिवशी चंपत जिंकून आला होता, पण मान एका बाजूला धरून. कुणीतरी त्याला उचलून डोक्यावर आपटलं होतं. "लचकली जरा," म्हणाला होता. शेवंतानं गरम विटेनं शेकली होती. तिचाही विश्वास बसला होता, कारण बसवायचा होता.

दुसऱ्या दिवशी ती त्याला ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी मान दाबून पाहिली, डाव्या बोटांना टाचणी टोचून पाहिली, ती चंपतला कळलीच नाही, मग फोटो काढला. मानेच्या मणक्यात नस दबलीय, म्हणाले. कुस्ती बंद. आणखी एक आपट बसली तर नुसता हात नाही, हातपाय सगळेच जातील. खाटेवर पडून राहावं लागेल जन्मभर, तेही जगला तर.

बाहेर आल्यावर चंपत म्हणाला, "येत्या इतवारी बिजलीसिंगसंग कुस्ती हाय."

जसं काही डॉक्टर दुसऱ्याच कुणाशी बोलत होते.

*

भिलाईत, सेक्टर दोनच्या क्वार्टरांच्या त्या ओळीत चंपतला कुणी चंपत म्हणत नसे. जानरावचा पोट्टा, म्हणत. पोलाद कारखान्याची तिसरी भट्टी उभी राहत होती तेव्हाची गोष्ट. दिवसभर लाल धूळ उडायची, वाळत घातलेले कपडे संध्याकाळी गेरूत बुडवल्यासारखे व्हायचे, आणि आठवडाभर लोखंडाशी झोंबलेली माणसं इतवारी करमणूक शोधायची. ती करमणूक टिकाराम विकायचा. रायपूरचा माणूस. त्याची कुस्तीची कंपनीच होती: तंबू, दोरांचं रिंगण, गादी, तिकीट, आणि कानठळ्या बसवणारा माइक. माती नाही, हलगी नाही. जुने लोक नाक मुरडत, आणि तिकीट काढून जात.

त्या कंपनीत चंपतचं नाव वर चढत होतं. राजनांदगाव, दुर्ग, रायपूर. भिंतींवर त्याचं चित्र लागायचं, दंड फुगवलेलं. पण चित्राच्या डोक्यावर त्याच्या नावाहून मोठ्या अक्षरांत दुसरंच नाव असायचं. 'अजिंक्य जानराव पहेलवान का शेर.'

जानराव म्हणजे त्याचा बाप. पवनीपासून उमरेडपर्यंतच्या जत्रा त्यानं एकेकाळी गाजवल्या होत्या. त्याची पाठ कधी मातीला लागली नाही. हे वाक्य विदर्भातून भिलाईला आलेल्या प्रत्येक माणसाच्या गाठोड्यात होतं. ज्यानं जानरावला कधी पाहिलं नव्हतं तोही ते असं सांगायचा, की जसा काही पंच म्हणून हा स्वतः उभा होता.

शेजारचा देवराव त्यात सगळ्यांच्या पुढे. टाइम ऑफिसात बाबू होता. नळावर पाणी भरायला आला की बादली भरून वाहायची, पण याचं तोंड बंद व्हायचं नाही.

"जानराव म्हंजे सोळा आणे," तो म्हणायचा.

"अन् चंपत?" कुणीतरी मुद्दाम विचारायचं.

"चंपत म्हंजे नवे पैसे. हिशोबच लागत नाही बाप्पा, बारा आणे झाले का चौदा."

"काल त्यानं रायपूरवाल्याले उचलून फेकलं ना पन!"

"फेकलं. पन जानराव असता तं तो रायपूरवाला उठलाच नसता जागचा. लोक नाव आयकूनच बसून राहत, माहीत हाय? फेका लागेच नाही!"

नळावर हशा व्हायचा. चंपतही हसायचा. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मागच्या अंगणात त्याच्या बैठका आणखी वाढलेल्या असायच्या. अंगणात त्यानं छोटासा आखाडा खणला होता. कोहक्याच्या तळ्याची माती बैलगाडीनं आणून, तेल-हळद-ताक घालून मळली होती. पोटच्या पोराला न्हाऊ घालावं तशी तो ती माती जपायचा.

आणि आखाड्याच्या कडेला, खाटेवर, जानराव बसलेला असायचा. आता अंगात काही उरलं नव्हतं. हाडं आणि खोकला. पण खांदे अजून दारात मावत नसत. कुणी विचारलं, "खरं काय हो जानरावबाबा, कधीच पाठ लागली नाही?" तर म्हणायचा, "नाही लागली." एवढंच. लोक म्हणत, पाहा, थोर माणूस, गर्व म्हणून नाही.

*

बिजलीसिंग हा टिकारामचा हुकमी एक्का. डोंगरासारखा माणूस. समोरच्याला डोक्यावर उचलून उलटा आपटायचा ही त्याची खासियत, लोक तेवढ्यासाठीच येत.

शेवंता काय करू नि काय नको अशी झाली. लंगोट लपवून पाहिला, नवा आला. रडून पाहिलं, तो उठून बाहेर गेला. अबोला धरला, तर घरात बोलायला नुसती सुजी उरली. शेवटी लेकीला कडेवर घेऊन ती मैदानात टिकारामच्या तंबूवर गेली. आजवर त्या बाजूला एकटी कधी गेली नव्हती.

टिकाराम खुर्चीत बसून चहा पीत होता. तिला पाहून उठला. माणूस वाईट नव्हता.

"आव बहिनी. क्या हुआ?"

शेवंतानं मानेचं सांगितलं. हाताचं सांगितलं. लेक कशी सुटली ते सांगितलं. टिकारामनं कप खाली ठेवला.

"देख बहिनी, मी तं त्याला आधीच बोललो. ये कुश्ती नूरा है."

"नूरा म्हंजे?"

"म्हंजे पयलेच ठरलेली. खोटी, समझ. दोन-चार पकड करायची, मग आरामशीर चित व्हायचं. बिजली अलगद झोपवतो. किसी को खरोंच नहीं आती. मगर तुझा आदमी म्हणतो, मैं नहीं लेटूंगा." टिकारामनं हात पसरले. "अब बिजली भी क्या करे? सामनेवाला सच्ची लड़ने लगा, तो त्याला उचलून आपटावंच लागते. नहीं तो पब्लिक उसको खा जाएगी."

"मंग तुमी त्याचं नाव काढून टाका ना."

"पोस्टर लग गए, बहिनी. अन् नाव काढलं तं तो मला जीवे मारेल. तू समझा उसको. नुसता झोप म्हणाव. पाठ टेकायची अन् उठून घरी जायचं. और क्या?"

शेवंता परतली ती जवळजवळ धावतच. उन्हं कलली होती, सुजी खांद्यावर झोपली होती, आणि तिच्या मनात एकच गोष्ट नाचत होती, की अगा, इतकं सोपं! नुसतं झोपायचं! बाईमाणूस रोज दमून झोपतं. लेकरू झोपतं. झोपण्यात काय हाय?

"झोपा ना जी," तिनं चंपतच्या पायाशी बसून म्हटलं. "एकडाव पाठ लागली तं काय होते? आपल्या सुजीसाठी झोपा."

चंपत जेवत होता. उजव्याच हातानं, डावा मांडीवर ठेवून. त्यानं घास खाली ठेवला.

"तू कोनाच्या घरी नांदून राहिली, हे इसरली का?"

"नाही इसरली."

"गावात आपल्याले काय होतं, सांग. वावर होतं? विहीर होती? आपल्या बापजाद्याइचं नाव कोनी घेत होतं? एक मानूस निघाला आपल्यात, का ज्याले कोनी खाली पाडू शकलं नाही. एक! अन् त्याचा पोरगा पैसेवाल्यांसमोर आपल्या मनानं लोळन घेईन? नूऱ्यात? मेलो तरी नाही."

"मेल्यावर सुजीले कोन उचलन?"

तो उठला. ताट तसंच राहिलं. दाराशी थांबून, तिच्याकडे न पाहता म्हणाला, "माही पाठ लागली तं ती माही नाही, शेवंते. ती बाबाची लागते."

नवऱ्याशी भांडता येतं. भिंतीवरच्या पोस्टरशी कसं भांडायचं?

*

शनिवारी दुपारी ती अंगणात सुजीला तेल लावत बसली होती. थंडीतलं ऊन होतं. पायांवर पालथी घातलेली लेक बेडकीसारखे पाय मारत होती, आणि तिच्या पाठीवरून, तळहाताएवढ्या त्या पाठीवरून, शेवंताचा अंगठा फिरत होता. मानेपाशी आला की आपोआप थांबत होता. इथंच असते ती नस. इतकीशी.

खाटेवरून जानराव बघत होता.

"मामाजी," ती म्हणाली, मान वर न करता, "तुमी त्याइले सांगा."

"मी कोन सांगनारा, बाई."

"तुमचं आयकतीन."

"आपल्या मनाचा हाय तो. मी काय सांगू?"

एरवी शेवंता सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. त्या दिवशी पदर कुठे होता, तिला माहीत नाही. ती ताडकन बोलली, "दुसरं कोनी नाही, तुमचीच पाठ आडवी येऊन राहिली मधात! जो तो तुमची पाठ सांगते. नळावर तुमची पाठ, भिंतीवर तुमची पाठ. त्या पाठीपायी माहा मानूस मान मोडून घेऊन राहिला, अन् तुमी म्हनता मी कोन सांगनारा?"

बोलून झाल्यावर तिची तीच भ्याली. सुजीनं रडं काढलं. तिनं लेकीला उचलून छातीशी घेतलं.

जानरावला खोकला आला, गेला. मग म्हणाला,

"बाई, पाठ लावाले कोनी हात तं लावाले पायजे."

शेवंताला कळलं नाही.

"जत्रेत रीत अशी," तो मातीकडे पाहत बोलायला लागला. "नाव पुकारलं का लंगोट कसून उतरायचं. हात वर करून गोल चक्कर मारायचा. डफडं वाजे. ज्याले वाटन मी याचा जोड, त्यानं सामोर यावं, हात मिळवावा. मी उतरो. चक्कर मारो. कोनी ये नाही. सारे पहेलवान मुंडकी खाली घालून बसत. मंग पंच इनामाचा नारळ फेके. दुरून फेके, बाई. मले झेला लागे."

"भेत असन तुमाले."

"आपले लोक बी असंच म्हनत. थे दूर उभे राहत, लिंबाखाली. जवळ कोन येऊ देते? तिकडून त्याइले एवढंच दिसे, का जानराव उतरला अन् सारे बसले. भेले! भेले! नारळ घेऊन मी आलो का मले खांद्यावर घेऊन नाचत."

"अन् तुमी?"

"मी बी नाचो." म्हातारा हसल्यासारखा झाला. "वीसेक वर्षांचा होतो. मले बी वाटे, भेले असतीन."

सुजी गप्प झाली होती, आजोबाच्या आवाजाकडे कान देऊन.

"मंग एकडाव एक पोट्टा उठला. नवा होता, वर्धेकडचा. त्याले माहीत नोतं. सामोर आला, मातीत हात घोळला, अन् पुढं केला. मी बी केला. इतकं राह्यलं होतं." जानरावनं अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. मधे ज्वारीचा दाणा मावला असता. "तेवढ्यात मांगून कोनी तरी वरडलं, मी कोन्या वस्तीतला थे. त्यानं हात मांगं घेतला. अन् मंग तो हात आपल्या मांडीले पुसला. लागला नोता, तरी पुसला."

ऊन सरकून खाटेच्या पायाशी आलं होतं.

"मी हारलो नाही, हे खोटं नाही. पन माही कुस्तीच झाली नाही, बाई. एक बी."

शेवंताला या म्हाताऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. पण ती बुडत होती, आणि बुडणाऱ्याला दुसऱ्याच्या दुःखाशी थांबता येत नाही.

"हे त्याइले सांगा," ती म्हणाली.

"हे सांगू?" जानरावनं तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत पहिल्यांदाच तिला भीती दिसली. "त्याले द्याले दुसरं काय होतं माह्यापाशी? एवढंच देल्लं मी त्याले."

"तेच घेऊन तो मरून राहिला, मामाजी."

म्हातारा खाटेवर आडवा झाला आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं. रात्री न जेवता तसाच पडून राहिला. शेवंतानं आशा सोडली.

*

इतवारी दुपारी चंपत आखाड्याच्या कडेला उभा राहून हाताला पट्टी गुंडाळत होता. डाव्या हाताची बोटं पट्टी धरत नव्हती, म्हणून एक टोक दातात. शेवंता दारात उभी होती. जाऊन पट्टी धरावी असं हातांना वाटत होतं, आणि धरली तर आपणच त्याला पाठवलं असं होईल, म्हणून पाय हलत नव्हते.

खाट करकरली. जानराव उठला. अंगातली बंडी काढून त्यानं खाटेवर ठेवली, धोतराचा काचा मारला आणि उघड्या अंगानं तो मातीत उतरला. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. एक मूठ माती उचलून त्यानं दोन्ही हात घोळले आणि उजवा पुढे केला.

"ये. जोड कर."

चंपत आधी हसला. "बाबा, काय करून राहिले? थंडी लागन."

"हात दे."

"मले उशीर होते बाबा."

"हात दे म्हटलं ना."

चंपतनं दातातली पट्टी सोडली. दोन्ही हात जोडले आणि तो एक पाऊल मागे सरकला. "तुमच्या अंगाले मी कसा हात लावू, बाबा? पाप लागन मले."

मुलानं आदरानंच म्हटलं होतं ते. पण जानरावचा चेहरा असा झाला, की शेवंतानं दाराची चौकट धरली. पुढे केलेला हात तसाच होता, मातीनं माखलेला.

"तू बी नाही शिवत मले?" जानराव म्हणाला.

चंपतला काही उमगेना. तो बायकोकडे पाहायला लागला. मग जानरावनं सांगितलं. शेवंताला सांगायला दुपार लागली होती, मुलाला त्यानं एका दमात सांगितलं. चक्कर, नारळ, लिंब, वर्धेचा पोट्टा, मांडीला पुसलेला हात.

"खोटं हाय," चंपत म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "मले झोपवाले बोलून राहिले तुमी. हिनं शिकवलं तुमाले."

"मंग हात लाव अन् पाह्य. मले कुस्ती येते का नाही, मले बी पाह्यचं हाय."

चंपत उतरला. रागानं उतरला, हे खरं. बापानं त्याचा हात पकडला, आणि मग अंगणात जे झालं ते पाहायला भिलाईतलं कुणी नव्हतं. नळावरचा देवराव नव्हता, माइक नव्हता. म्हाताऱ्याला कुस्ती येत होती. कुणावरही कधी न टाकलेले डाव त्या हाडांत तसेच पडून होते. तो वाकला, बगलेतून शिरला, मुलाच्या मानेवर कोपर आलं, आणि एका क्षणी तो दांडगा चंपत खरोखर कमरेत लवला. त्याच क्षणी त्याचा डावा हात सुटला. सुजी सुटली होती तसाच.

जानरावला ते कळलं. त्या हातातली रिकामी जागा त्याच्या हाताला कळली. कोपर अजून मानेवर होतं. नुसतं दाबलं असतं तरी पुरे होतं.

म्हाताऱ्यानं कोपर उचललं. मुलाला दोन्ही हातांनी मिठीत घेतलं आणि त्याला आपल्या अंगावर ओढत, अगदी सावकाश, तो मागे कलंडला. दोन्ही खांदे मातीला टेकले.

"लागली," तो म्हणाला.

चंपत त्याच्या छातीवर तसाच पडून होता. जानरावनं एक हात पाठीखाली घातला, चिमूटभर माती काढून डोळ्यांसमोर धरली. डोळ्यांतून पाणी कानांवर ओघळत होतं.

"कशी गार हाय गा माती," तो म्हणाला. "पाठ लागली तं मानूस मरत नाही, चंपत. पाह्य. मी जिता हावो."

चंपत उठला. बापाला धरून त्यानं खाटेवर बसवलं. सदरा उचलला आणि कुणाकडे न पाहता निघून गेला. हो म्हणाला नाही. नाही म्हणाला नाही.

*

शेवंता आणि जानराव मैदानावर पोचले तेव्हा तंबू भरला होता. जानरावसाठी पुढची खुर्ची राखलेली असायची. तो आत गेला नाही. तंबूच्या मागच्या बाजूला, खुंट्या ठोकल्या होत्या तिथं, सुनेजवळ जमिनीवर बसला. पाठीवरची माती त्यानं तिला पुसू दिली नव्हती. वर नुसती शाल घेतली होती.

आत माइक गरजत होता. "जिसकी पीठ को आज तक मिट्टी नहीं लगी, उस जानराव पहेलवान का बेटा!" जानरावनं शालीच्या आतून पाठ जरा हलवली. वाळलेली माती झरझर खाली पडली असावी.

घंटा झाली. शेवंताला कापडापलीकडचं काही दिसत नव्हतं. नुसते आवाज. पाय घसटल्याचा, गादी दाबल्याचा. "मार!" "उठा!" "उठा उसको, बिजली!" मग अख्खा तंबू एकदम ओरडला आणि धप्प आवाज झाला.

आणि मग काहीच नाही.

इतकी माणसं एकाच वेळी गप्प होतात ती कशानं, हे शेवंताला माहीत होतं. भट्टीवर वरून माणूस पडला होता तेव्हा अशीच शांतता झाली होती. तिनं सुजीला इतकं घट्ट धरलं, की लेक रडायला लागली. 'हुर्यो करा,' ती मनात म्हणत होती. 'शिव्या घाला त्याले. जोडे मारा. मोडलेल्या मानसाले कोनी हुर्यो करत नाही. हुर्यो करा रे बाप्पा, तुमचे पाय धरून सांगून राहिली.'

आतून एक शिटी आली. मग दुसरी. मग पत्र्यावर गारा पडाव्यात तसा सगळा तंबू फुटला. हुर्यो! "चित हो गया!" "बाप का नाम डुबा दिया!" "पैसे वापस!" नवऱ्याची अशी बेअब्रू ऐकून कुठली बाई हसली असेल? शेवंता हसत होती, हसता हसता तोंडात पदर कोंबत होती, आणि तरीही तिचे डोळे त्या कापडावरून हलत नव्हते. कारण अजून तो चालत बाहेर आला नव्हता.

आधी देवराव आला, शेंगांची टरफलं झटकत. "पाह्यलं का जानरावबाबा? तिसऱ्याच पकडीत लोळला! तुमच्या सोळा आण्याचे चार आणे केले लेकानं."

"आमची बी लागली, देवराव," जानराव म्हणाला. "आज दुपारी."

देवरावनं शेवंताकडे पाहून डोक्याजवळ बोट फिरवलं आणि तो पुढे गेला.

मग कापड वर झालं. चंपत बाहेर आला. आपल्या पायांनी. केसांत कुणीतरी फेकलेल्या केळ्याचं साल अडकलं होतं. तो बापासमोर उकिडवा बसला.

"बिजलीनं पयले हात मिळवला, बाबा," तो म्हणाला. "दर टायमाले मिळवतात. आजपर्यंत ध्यानच देल्लं नाही. आज मी धरूनच ठेवला. तो म्हने, छोड़ ना यार."

जानरावनं मान हलवली. मुलाच्या केसातलं साल तेवढं काढून टाकलं.

उद्या नळावर काय काय ऐकावं लागेल, भिंतीवरचं पोस्टर कोण फाडेल, तुळया ओढायला हा हात चालेल का, ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवंतानं लेकीला त्याच्याजवळ नेलं. सुजीनं रडं थांबवलं आणि आपल्या बापाचा डावा हात पाहिला, मांडीवर ठेवलेला. पुढे झुकून तिनं त्याचं एक बोट पकडलं, सगळ्या मुठीनं.

चंपत तंबूकडे पाहत होता. आत दिवे विझत होते.

"हात धरा ना तिचा," शेवंता म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला समजलं.

त्यानं वळून पाहिलं नाही. "धरला का तिनं?" त्यानं विचारलं.

"हाव."

"घट्ट?"

"घट्ट," शेवंता म्हणाली.